आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं, आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत

वऱ्हाडची_लेक
नमस्कार. आई अकोल्याला असते, वय ५७. दिवाळीपासून तिचे डोळे चुरचुरतात. सकाळी पापण्या चिकटल्यासारख्या असतात, दुपारनंतर वाळू गेल्यासारखं खुपतं. स्कूटीवर मागे बसली की धारा लागतात. घराजवळच्या मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिला होता, त्याने लाली लगेच उतरते म्हणून ती तोच पुन्हा पुन्हा मागवते. आता चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तर डॉक्टरांनी ‘ड्राय आय’ लिहून ल्युब्रिकंट, म्हणजे डोळे ओले ठेवणारा, ड्रॉप दिला. तो तिने उघडलासुद्धा नाही. म्हणते, एवढं पाणी येतंय तर कोरडे कसे? मावशी म्हणते गुलाबपाणी घाल. कूलर लागायचे दिवस जवळ आलेत. तिला समजावू कसं आणि पुढे कुणाला दाखवू?

तापीकाठ
गुलाबपाणी नको. बाजारातलं गुलाबपाणी डोळ्यांत घालण्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं. मध, एरंडेल, घरचं काजळ, सगळ्याला तेच लागू. आणि कूलरचा झोत पायाकडे वळवा. जळगावात आमच्या वडिलांना तेवढ्यानेच सकाळची चुरचुर बरीच कमी झाली.

चष्मेवाला_सांगली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढतो. आईंची शंका रास्त आहे, खूप जण हेच विचारतात. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पापण्यांच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्या तेल सोडतात. त्या तेलाचा थर वर असतो म्हणून खालचा ओलावा टिकतो. ग्रंथी तुंबल्या किंवा मुळात अश्रूच कमी असले की डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथल्या नसा चिडतात आणि एकदम भरपूर पाणी सुटतं. ते गालावर ओघळून जातं, डोळ्यावर ठरत नाही. वाऱ्यात धारा लागतात त्या यामुळेच.

सगळ्यात आधी त्या मेडिकलच्या बाटलीवरचे घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबणारं जोरदार औषध आहे. डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं. देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो बहुधा दुखत नाही, त्यामुळे नजर जाईपर्यंत कळत नाही. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. बाटली घेऊनच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि दाब मोजून घ्या.

तिथे शर्मर चाचणी करायला सांगा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं ठेवतात. १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी, ५ पेक्षा कमी म्हणजे फारच कमी. शिवाय डोळ्यात रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही बघतात, १० सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकत नाही असं समजायचं.

दुखायला लागलं, उजेड सहन होईना किंवा एकदम अंधुक दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

सदाफुली
अगं, डोळ्यांचं सगळं वर आलंच आहे. मला आईबद्दल दुसरंच विचारायचंय. तोंड कोरडं पडतं का त्यांचं? कोरडा घास पाण्याशिवाय उतरतो का? सकाळी बोटं आखडतात का? दात?

वऱ्हाडची_लेक
ताई, अंगावर काटा आला वाचून. भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी लागतं तिला. रात्रीही तांब्या उशाशी असतो. बोटं आखडतात, त्याला ती थंडी म्हणते. दोन दाढा गेल्या वर्षी काढल्या. साखर तपासली होती, ती ठीक आहे.

सदाफुली
मग नीट ऐक, पण घाबरू नकोस. मला शोग्रेन सिंड्रोम आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. १९३३ मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञाने आपल्या प्रबंधात अशा बायकांची नोंद केली. कोरडे डोळे, कोरडं तोंड, दुखणारे सांधे, सगळं एकाच बाईला. आजही हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि तोही बहुतेकदा पाळी जाण्याच्या आसपासच्या वयात. म्हणून तर घरोघरी ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. माझंही तसंच चाललं होतं. डोळ्यांसाठी एक डॉक्टर, दातांसाठी दुसरे, गुडघ्यांसाठी तिसरे. सगळे आपापल्या जागी बरोबर, पण तिन्ही तक्रारी एकाच टेबलावर कधी आल्याच नाहीत. याची मला अजून हळहळ वाटते.

आईला हेच असेल असं मी म्हणत नाही. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड आणि डोळे कोरडे पडतात, तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी कर. थायरॉईडही बघतील. पण रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांध्यांच्या आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवच. एएनए आणि अँटी-रो या रक्ताच्या तपासण्या सांगतील, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय का ते त्यात बघतात, कधी ओठाच्या आतला लहानसा तुकडा काढून तपासतात. रक्त निगेटिव्ह आलं तरी लक्षणं असतील तर विषय तिथे संपवू देऊ नकोस.

ल्युब्रिकंट आजपासून घाला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवायला घातलेलं रसायन) नसलेला मागा, एकेका वेळेच्या छोट्या कुप्या मिळतात. महाग पडतात, पण सतत घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह डोळ्याला पुन्हा टोचतं. मला पुढे सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्तीचा तो हल्ला शमवणारं औषध, डोळ्यांत घालायला दिलं. सुरुवातीला झोंबायचं आणि गुण यायला काही महिने लागले. आई ‘उपयोग नाही’ म्हणून मधेच सोडतील, तेव्हा त्यांच्या पाठीशी राहा.

चष्मेवाला_सांगली
सदाफुलीताईंशी पूर्ण सहमत. तुंबलेल्या ग्रंथींसाठी शेक द्यायचा, ते सांगायचं राहिलंच. रुमाल कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं. रुमाल लगेच निवतो, म्हणून मधेमधे पुन्हा भिजवायचा. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेच्या दिशेने हलकेच दाबायची.

वऱ्हाडची_लेक
बाटलीवर डेक्सामेथासोनच निघालं. उद्या नेत्रतज्ज्ञांकडे नेते, दाब मोजायचाच आहे. नागपूरला रुमॅटॉलॉजिस्टची वेळही घेतली. आईला वरचं सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाली, त्या बाईंना विचार, घास उतरायला त्या काय करतात?

सदाफुली
सांग त्यांना, मी भाकरी वरणात कुस्करून खाते, आणि तोंडात साखर नसलेलं च्युइंगम ठेवते. नागपूरला जाताना दातांचे कागदही बरोबर घे.