खरा नाकतोडा राक्षसी कसा दिसेल?

प्रश्न (कोथरूड): लघुपटासाठी पेठेतल्या वाड्याची 1:25 प्रतिकृती पुठ्ठ्यातून केली आहे. 6 सेंमीचा नाकतोडा मोबाइलवर सेकंदाला 30 फ्रेमने (चित्रांनी) चित्रित केला, तर किडा किडाच दिसतो. काय चुकतंय?

उत्तर (नळ स्टॉप): दोन गोष्टी. 1:25 ला तो फक्त दीड मीटरचा भासणार. 6 मीटर हवा तर प्रतिकृती 1:100 करा. आणि वजन वेगातून दिसतं. प्रमाणाचं वर्गमूळ काढा: 100 चं 10, म्हणून सिनेमाच्या नेहमीच्या 24 च्या दहापट, सेकंदाला 240 फ्रेमने घ्या आणि 24 ने दाखवा. मग प्रत्येक पाऊल जड पडतं. 1955 च्या 'टॅरँट्युला' चित्रपटात खऱ्या कोळ्याला हवेच्या झोतांनी चालवलं होतं. लेन्स पुसायचा रबरी फुगा तेच काम करतो. मागून हलकेच फुंका, जोरात फुंकलंत तर उडी मारेल.

उत्तर (सदाशिव पेठ): 240 ला दिवे दगा देतात. आपल्या 50 हर्ट्झ विजेवर साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, चित्रात पट्टे येतात. बॅटरीवरचे पॅनल वापरा. हॅलोजन अजिबात नको, उष्णतेने बिचारा जीव मरेल. धुळीसाठी रांगोळी नको, तिचे कण खडीसारखे दिसतात. मुलतानी माती मलमलीतून गाळून घ्या.

उत्तर (कोथरूड): म्हणजे वाडा पुन्हा कापायचा! छपराची कौलं 1:100 ला कशी जमवायची?

उत्तर (नळ स्टॉप): कोरुगेटेड खोक्याचा वरचा कागद ओला करून सोला. आतल्या नळ्या म्हणजेच कौलांच्या ओळी. गेरू लावा, चकाकी येऊ देऊ नका.