मदत हवी आहे: २२००जी प्रोसेसर काढून रायझन ५ ५६०० बसेल का? (अर्जंट)

घाईत_आहे
रायझन ३ २२००जी व्हिडिओ एडिटिंगला पार मान टाकतोय. ५६०० ची ऑफर आज रात्री संपते. बोर्ड बी४५०, सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एएम४. फक्त हो की नाही सांगा.

पिनबारा
बी४५० हा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) झाला, बोर्डाचं मॉडेल कुठलं? सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेनबोर्ड टॅबमध्ये मॉडेल आणि बायोसची (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची) तारीख दिसेल. ५६०० एप्रिल २०२२ चा आहे. बायोस त्याआधीचा असेल तर प्रोसेसर बसेल, पण कदाचित चालू होणार नाही.

कोअर_कमिटी
एएम४ वर आता पैसे घालू नका. सरळ इंटेलचा आय५ १२४०० घ्या.

पिनबारा
@कोअर_कमिटी, मग बोर्डही नवा घ्यावा लागेल. त्यांनी तो प्रश्न विचारलेलाच नाही.

घाईत_आहे
गिगाबाइट बी४५०एम डीएस३एच. बायोस २०१९ चा. करू ऑर्डर?

पिनबारा
थांबा. मॉनिटरची केबल बोर्डात आहे की ग्राफिक्स कार्डात?

घाईत_आहे
बोर्डात. कार्ड नाहीच. त्याचा इथे काय संबंध?

पिनबारा
५६०० मध्ये २२००जीसारखं अंगभूत ग्राफिक्स नाही. पंखे फिरतील, स्क्रीन काळीच राहील. कार्ड घेणार नसाल तर ५६००जी घ्या, त्यात ते आहे.

फ्रेमड्रॉप
जी कशाला? तो पीसीआयई ३.० वर (कार्ड जोडायच्या जुन्या, कमी वेगाच्या मार्गावर) अडकतो.

पिनबारा
बी४५० स्वतःच ३.० आहे, तोटा शून्य. खरा फरक एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा), जी ला १६ एमबी, ५६०० ला ३२. गेमिंगमध्ये जाणवतो. यांना आधी चित्र तर दिसू दे.

पेंग्विनप्रेमी
एडिटिंग कशात करता? लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाका, हलकं चालेल.

फ्रेमड्रॉप
लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ (मोबाइलच्या व्हिडिओंचा नेहमीचा फॉरमॅट) चालत नाही. मोबाइलचे व्हिडिओ आत घेताना आधी कन्व्हर्ट करत बसा!

स्क्रू_ड्रायव्हर
बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा. बोर्डाच्या कोपऱ्यावर रिव्हिजन (बोर्डाची आवृत्ती) छापलेली असते, त्याच रिव्हिजनची फाइल उतरवा. प्रत्येक आवृत्तीखालची टीप वाचा, कधी कधी मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून बायोसमधल्या क्यू-फ्लॅश या सोयीतून टाका, विंडोजमधून नको. यूपीएस हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, प्रोसेसर बदलला की मागतो.

कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवा, म्हणजे कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट मऊ होते. मग बंद करा, प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर सॉकेटची लिव्हर लावलेली असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा) घेतलात तर कूलर मिळत नाही. तसं झालं तर २२००जीचाच वापरा, दोन्ही ६५ वॉटचे. पेस्ट मात्र नवी.

पिनबारा
रॅम किती?

घाईत_आहे
८ जीबी, एकच काडी. एवढी चौकशी तर लग्न जमवतानाही होत नाही!

पिनबारा
ग्राफिक्स त्याच रॅममधून वाटा घेणार. अजून एक ८ ची काडी घ्या, एकाआड एक स्लॉटमध्ये लावा. एका काडीवर ५६००जीचं ग्राफिक्स निम्मंच वाटेल.

घाईत_आहे
जी संपलाय, ५६००जीटी दिसतोय. तेच ना?

स्क्रू_ड्रायव्हर
ग्राफिक्स आहे, कमाल वेग ४.४ ऐवजी ४.६ गिगाहर्ट्झ. पण तो जानेवारी २०२४ चा. पैसे भरण्याआधी बोर्डाच्या सपोर्ट यादीत त्याचं नाव आणि समोरची बायोस आवृत्ती बघा.