मदत हवी आहे : पुस्तकातल्या ‘गटर’ला मराठीत काय म्हणायचे?

नमस्कार मंडळी, इंदूरच्या रामबागेतून लिहितेय. आईच्या आठवणींची पुस्तिका घरच्यांसाठी छापतोय. नमुना प्रत आली, तर डाव्या पानांवरच्या ओळींची टोकं मधल्या घडीत बुडालेली. ‘भाकरी’तली ‘री’ दिसायला पान अंगठ्याने दाबून धरावं लागलं. छापणारे म्हणाले, “ताई, गटर वाढवावं लागेल.” गटर म्हणजे पानाच्या आतल्या बाजूला, घडीजवळ सोडलेली कोरी जागा.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. मूळ लॅटिन ‘गुत्ता’, म्हणजे थेंब. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. म्हणून छपराची पन्हळही गटर आणि रस्त्याकडेची नालीही (आम्ही इंदुरी नालीच म्हणतो, पुण्याची मावशी गटार). मेणबत्तीवरून मेण ओघळतं, त्यालाही हेच क्रियापद. चित्रकथेत दोन चौकटींमधली कोरी जागा तीही गटर, बोलिंगमध्ये चेंडू घरंगळतो तो चरही.

माझी अडचण पुस्तकापुरती आहे. ‘आतला समास’ म्हणून बघितलं, पण संगणकावर दोन स्तंभांमधल्या जागेलाही गटर म्हणतात, तिथे समास चालत नाही. मला स्वतःला ‘पन्हळ’ फार आवडतो, कारण उघड्या पुस्तकाची दोन्ही पानं मध्ये तशीच उतरतात.

खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवायच्या काळातल्या छापखान्यात कुणी काम केलंय का? किंवा घरात कुणी केलं असेल? तिथे या जागेला काय म्हणत? आईने आयुष्यभर मराठी शिकवलं, तिच्या पुस्तिकेच्या सूचनांत तरी नेमका शब्द जावा असं मनापासून वाटतं. गुरुवारी सुधारित प्रत द्यायची आहे.