तानपुरा: खर्ज खडखडतो, एक जोड मुका. जवारी काढायची की दोरा बदलायचा?

आलापी
मिरजेचा चार तारांचा तानपुरा आहे. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) हाडाची. पंचम (पहिली तार) आणि दोन्ही जोड (मधल्या दोन, षड्जाच्या) पोलादी, खर्ज (शेवटची, खालच्या षड्जाची) पितळी. तारा गेल्या दिवाळीत बदलल्या. आत्ताची अवस्था अशी:

पंचम ठीक, जवारी (तार घोडीला घासून येणारी झणकार) जरा कमी. पहिला जोड छान बोलतो. दुसरा जोड मुका, टण्ण वाजतो आणि पुढे काही नाही. खर्ज छेडल्याबरोबर खडखडतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा पुढे सरकवला की खडखड जाते, पण तिच्याबरोबर जवारीही जाते.

घोडी घासून घ्यावी लागणार का? आमच्या गावात जवारी काढणारं कोणी नाही. बारीक पॉलिश पेपरने घरी घासलं तर चालेल का?

मंद्रसप्तक
पॉलिश पेपर आधी कपाटात ठेवून द्या. घोडीवरून गेलेला हाडाचा थर परत येत नाही, आणि "जवारी गेली" म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा घोडीचा दोष नसतोच. एक जोड छान बोलतोय म्हणजे तुमची घोडी अजून जिवंत आहे.

मुक्या जोडापासून सुरुवात करा, कारण ते काम सोपं आहे. तार किंचित सैल करून बाजूला घ्या आणि दोऱ्याच्या जागी घोडीवर नख फिरवा. नख अडकलं तर तारेने चर पाडलाय. दोरा त्या चरात बसला की तार उचलली जात नाही. अशा वेळी तार अर्धा मिलिमीटर बाजूला सरकवून बसवा. कोऱ्या जागेवर ती लगेच बोलायला लागते. तात्पुरता उपाय आहे, पण सहा-आठ महिने आरामात निघतात.

चर नसेल तर दोरा नवा घाला. शिवणाचा सुती दोरा घ्या, पॉलिएस्टर नको. तो कडक असतो आणि घसरतो. पीळ उलगडून जोडासाठी एकच पदर घ्या, खर्जासाठी दोन. बोटभर लांबीचा तुकडा पुरे. तो लंगोटाच्या (तळाशी तारा अडकवतात त्या पट्टीच्या) बाजूने तारेखाली घाला, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने दोरा केसाएवढा, अगदी केसाएवढाच, अटीच्या (दांडीवर वर तारा टेकतात त्या पट्टीच्या) दिशेने ओढत न्या. मागे असताना तार घोडीवर झोपलेली असते, आवाज दबका. मग एका जागी एकदम फुलतो. आणखी पुढे गेलात की तार घोडीला शिवतच नाही, आवाज स्वच्छ पण कोरडा. फुलतो त्या जागेच्या किंचित अलीकडे थांबा. दोरा दबला की दहा-पंधरा मिनिटांत जवारी थोडी बदलते, तेव्हा पुन्हा ऐका.

हे सगळं तार नेमकी सुरात असतानाच करायचं. ढिल्या तारेवर लावलेली जवारी सुरात आणल्यावर टिकत नाही. दोरा सरकला की सूरही थोडा हलतो, म्हणून मणी (घोडीमागे तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा), दोरा, पुन्हा मणी असं दोन-तीनदा फिरावं लागतं. (मणी लंगोटाकडे ओढला की सूर चढतो, घोडीकडे ढकलला की उतरतो. हे उलटं समजून बसलेले विद्यार्थी बरेच दिसतात.)

खर्जाचं मात्र मला वेगळंच काही वाटतंय. तानपुरा कुठल्या पट्टीत लावता? आणि तारांची जाडी किती?

कानसवाला
खडखड नक्की घोडीवरूनच येते ना, ते आधी बघा. खर्ज छेडून लगेच एकेक जागा बोटाने दाबत जा: खर्जाचा मणी, लंगोटातलं तारेचं टोक, खुंटीवरून बाहेर आलेलं टोक, भोपळ्याच्या कडेची पट्टी. जिथे दाबल्यावर खडखड थांबते तिथे चोर आहे. पितळी तारेचं मोकळं टोक तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) टेकलं तरी अगदी जवारी बिघडल्यासारखाच आवाज येतो. तबलीवर टिचकी मारत कडेने फिरा. कुठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर सांधा सुटलाय. मग दोरा आणि घोडी दोन्ही विसरा.

आलापी
धन्यवाद. कानसवाला, सगळीकडे दाबून पाहिलं, खडखड घोडीवरच आहे. दुसऱ्या जोडाला चर होता. तार सरकवून एकपदरी दोरा घातला, आता तो बोलतो.

मंद्रसप्तक, तानपुरा मूळचा काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर षड्ज). आता मुलगा गातो, त्याचा आवाज फुटल्यापासून काळी एकला उतरवलाय. तारा त्याच. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहिलंय: जोड ३३ नंबर, खर्ज पितळी २६. पंचमाचा नंबर लिहिलेला नाही. घोडी ते अटी ८५ सेंमी. मुलगा घोडीजवळ छेडतो, कारण तिथे जवारी जास्त ऐकू येते म्हणतो.

मंद्रसप्तक
मग सापडलं. जवारीचा प्रश्न नाही, तारांचा आहे.

काळी चार ते काळी एक म्हणजे सरळ पाच सूर खाली. षड्ज जिथे होता तिथून मंद्र मध्यमाच्या जागी आलाय असं समजा. कंपनसंख्या दोनतृतीयांश झाली. तीच तार, तीच लांबी असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे ४४–४५ टक्के उरतो. तुमच्या खर्जावर आधी चारेक किलोचा ताण असेल तर आता दोन किलोलाही कमी आहे. एवढी सैल तार छेडली की तिचा झोका मोठा होतो आणि ती घोडीवर आपटते. तीच तुमची खडखड. आपटण्यात सगळा जोर जातो म्हणून विझतेही लवकर. दोरा पुढे घेतलात की आपटणं बंद होतं आणि घासणंही बंद होतं. म्हणून जवारी जाते. घोडी घासून यातलं काहीच सुधारलं नसतं.

८५ सेंमीवर काळी एकसाठी मी हे लावीन:

जोड: पोलादी ३० नंबर (०.३१ मिमी)
खर्ज: पितळी २४ (०.५६ मिमी)
पंचम: पोलादी २८ (०.३७ मिमी), किंवा ०.४० च्या आसपासची ब्राँझ

पुरुषी तानपुऱ्यांत पंचमालाही पितळ किंवा ब्राँझ लावायची पद्धत आहे, तिचा आवाज खर्जाशी जास्त मिसळतो. मला पोलादीपेक्षा तीच आवडते, पण लवकर तुटते.

दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. वरचे नंबर आपल्याकडे तारवाले वापरतात त्या पद्धतीचे आहेत; परदेशी पियानो-तारेच्या पुड्यावरचा ३० वेगळाच असतो. आधीच्या तारेचा तुकडा मायक्रोमीटरने मोजून न्या.

तारा बदलताना चारही एकदम काढू नका. घोडी तारांच्या दाबावर उभी असते, दाब गेला की सरकते आणि मग मूळ जागा सापडत नाही. घोडीच्या पायांभोवती पेन्सिलने हलकी खूण करा आणि एकेक तार बदला. जाड तार तारदानाच्या (अटीपलीकडच्या, छिद्रांच्या पट्टीच्या) छिद्रातून आणि अटीच्या खाचेतून मोकळी जाते ना ते बघा. अडकून बसत असेल तर सुईसारख्या बारीक कानशीने खाच रुंद करा, खोल नको. पितळी तार वेटोळ्यातून काढताना पीळ पडू देऊ नका. एकदा मोडलेली पितळी तार सरळ दिसली तरी सुरात लागत नाही, एकटीच वाजवली तरी आवाज लाटांसारखा हलतो. आणि तिला ठरलेल्या सुराच्या वर एकदाही चढवू नका.

नव्या तारा दोन दिवस ताणत राहतील. त्या काळात दोऱ्याशी खेळण्यात अर्थ नाही.

उत्तरांग
वरचं सगळं मान्य, पण एक स्पष्ट सांगायला हवं. काळी चारचा बायकी तानपुरा जाड तारा लावून काळी एकला "चालेल", भरणार नाही. भोपळा लहान, तारेची लांबी कमी. पुरुषी तानपुऱ्यात हीच लांबी मीटरभर असते, आणि खर्जाला जी गोलाई लागते ती तिथून येते. तारा न बदलता दोन, फार तर तीन सूर खाली जावं. पाच म्हणजे अतिच. उलटा प्रकार तर अजिबात करू नये: पुरुषी तानपुरा काळी चारला चढवला तर आधी तारा तुटतात, नाही तुटल्या तर दांडी वाकते. मुलाचा आवाज अजून बसतोय, तर वर्षभर असंच चालवा आणि पट्टी पक्की झाली की दुसरा तानपुरा बघा. आत्ता घाईने नवा घेऊ नका.

छेडण्याबद्दल: घोडीजवळ छेडल्याने जवारी वाढत नाही, फक्त आवाज पातळ आणि टोकदार होतो. तार मध्याच्या आसपास छेडायची. नियमाने पाहिलं तर बरोबर मध्यावर छेडलेल्या तारेत तारसप्तकाचा षड्ज ऐकू यायला नको. तानपुऱ्यात तो स्वच्छ येतो, आणि तो घोडीच्या गोलाईमुळे येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच हे दाखवून दिलंय. म्हणजे जवारीचं काम घोडी करते, बोटाने ते करायला जाऊ नये. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने बाकी तिन्ही. नख नाही, बोटाच्या पेराची कडा. तार ओढायची नाही, बोट तिच्यावरून सरकवायचं. सैल तार ओढून छेडली तर खर्ज आणखीच आपटणार, तेव्हा तुमच्याकडे दोन्ही कारणं एकत्र आली असतील.

कानसवाला
कधी ना कधी घोडी घासावी लागणारच, म्हणून काय असतं ते लिहून ठेवतो. कारागीर आधी कानशीने सगळे चर जातील एवढाच थर काढतो. मग मागून पुढे उतार देतो: लंगोटाच्या बाजूला जवळपास सपाट आणि अटीकडे जाताना अगदी हळू खाली. पोलादी पट्टी तारेच्या रेषेत ठेवून उजेडाकडे धरली तर पुढच्या कडेला केसाएवढी फट दिसते, मागे दिसत नाही. फट मोठी झाली तर तार कमी घासते, जवारी बंद. अगदीच नसली तर तार झोपते. खर्जाखालचा भाग जोडाखालच्यापेक्षा थोडा वेगळा घासतात, कारण तिचा झोका मोठा. प्रत्येक फटक्यानंतर तार चढवून, सुरात लावून ऐकायचं, परत उतरवायचं. सगळा वेळ यात जातो. घरी पॉलिश पेपर फिरवणारा हे उतरवणं-चढवणं टाळतो आणि चारही तारांखाली एकच गोलाई करून बसतो. तिथे काम बिघडतं.

मिरजेला पाठवायचा असेल (तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे चौकशी वाढलीय, आधी फोन करून वेळ घ्या) तर तारा दोन-तीन सूर उतरवा, पूर्ण सैल नको. घोडी आणि तारांच्या मध्ये मऊ फडकं घाला. भोपळ्याखाली जाड गादी हवी, कारण प्रवासात फुटतो तो भोपळाच. सोबत चिठ्ठीत पट्टी लिहा. पट्टी न सांगता जवारी काढून घेणं म्हणजे काम अर्धवट राहणार.

आलापी
तारा मागवल्या. शेवटचे दोन प्रश्न. रेशमाचा दोरा सुतीपेक्षा चांगला का? आणि मुलाला गुरुजींनी पूरिया राग सुरू केलाय, पंचमाच्या तारेवर निषाद लावायचा आहे. तीच तार चढवली तर चालेल?

उत्तरांग
रेशीम दबत नाही, त्यामुळे जवारी जास्त दिवस टिकते. पण आवाज थोडा कडक होतो. पावसाळ्यात सुती दोरा ओल धरून फुगतो आणि जवारी रोज बदलते, तेव्हा रेशीम बरं. एरवी सुती. यावर भांडणारे लोक आहेत, मी त्यांतला नाही.

निषादाचं जपून करा. मंद्र पंचमावरून मंद्र निषाद म्हणजे ताण दीडपटीहून जास्त. २८ नंबरची पोलादी तार काळी एकला हे सहन करेल, कारण ती मुळात सैलच असते. ब्राँझ लावली असेल तर नको, तुटेल. रोज खालीवर करायचं असेल तर तार लवकर जाते. पूरियाचा रियाज महिनाभर चालणार असेल तर ३० नंबरची पोलादी लावून निषादावरच ठेवा. मालकंस, बागेश्रीसाठी मध्यम लावताना उलटं होतं, ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो आणि त्या तारेचा दोरा किंचित पुढे घ्यावा लागतो.

मंद्रसप्तक
खर्ज बसला की नाही हे कसं ओळखायचं ते राहिलं. आधी दोन्ही जोड एकमेकांत मिळवा, दोन्हींमधली लाट पूर्ण थांबेपर्यंत. मग खर्ज, मग पंचम. नंतर बाकीच्या तारा तळव्याने थोपवून एकटा खर्ज छेडा आणि तीन-चार सेकंद गप्प राहा. वर शुद्ध गंधार ऐकू यायला हवा, गुणगुणून जुळवता येईल इतका ठळक. गंधार येत नसेल तर सूर नाही, दोरा तपासा. गंधार येतो पण थरथरतो, तर खर्ज अजून जोडाशी पूर्ण मिळालेला नाही; मणी तांदळाएवढा हलवा.

खुंट्या घट्ट बसत नसतील तर त्यांना खडू लावा, पावसाळ्यात फुगून अडकल्या तर कोरड्या साबणाची वडी फिरवा. पक्कड लावू नका, खुंटीचं डोकं तुटतं.