बेडरूम १० बाय ११, पलंग करायचाय: गादी ६० बाय ७८ घ्यावी की ७२ बाय ७८?

*ए-५०४:* नमस्कार मंडळी. सुताराला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तो विचारतोय, क्वीन करू की किंग? खोली १० बाय ११ फूट. ११ फुटांच्या भिंतीला डोकं येणार, उजव्या भिंतीला २ फूट खोल कपाट आधीपासून आहे, दार पायथ्याच्या बाजूला. झोपणार आम्ही दोघं आणि ५ वर्षांची मुलगी. ह्यांची उंची ५ फूट ११ इंच. काय सांगू त्याला?

*बी-२०१:* वहिनी, क्वीन-किंग हे शब्द सुताराशी बोलताना वापरूच नका. दुकानात ७२ बाय ७२ लाही किंग म्हणतात, ७२ बाय ७५ लाही आणि ७२ बाय ७८ लाही. क्वीनचं तसंच, रुंदी ६० आणि लांबी ७२, ७५ किंवा ७८. सुतार एक किंग धरून पलंग करतो, दुकानदार दुसरी किंग पाठवतो, आणि मग पायथ्याशी ३ इंचांची खाच राहते. फक्त इंच सांगा.

*बी-२०१:* आधी लांबी ठरवा, कारण तिथे तडजोड चालत नाही. ५ फूट ११ म्हणजे ७१ इंच. उशीमुळे माणूस नेहमी थोडा खाली सरकून झोपतो, आणि उताणं झोपल्यावर पावलं पुढे लांबतात. म्हणून उंचीत किमान ४ ते ६ इंच मिळवायचे. ७२ ची गादी बादच. ७५ वर ४ इंच उरतात, ७८ वर ७. तुम्हाला ७८.

*सी-३०३:* काकांशी सहमत. आता रुंदी. ६० इंच म्हणजे दोघांना प्रत्येकी ३०, म्हणजे सर्वात अरुंद सिंगल गादीइतकीच जागा. त्यात मुलगी आली की २०-२० इंच. प्रौढ माणसाच्या खांद्यांनाच १६ ते १८ लागतात, कूस बदलायला जागा कुठली? ७२ मध्ये तिघांना २४-२४ येतात. ऐसपैस नाही, पण झोप होते. प्रश्न एवढाच की खोलीत ७२ बसतं का.

*ए-५०४:* तेच तर ताई. कपाटाचं दार उघडेल ना?

*सी-३०३:* हिशोब करू. ११ फूट म्हणजे १३२ इंच. कपाटाचे २४ गेले, उरले १०८. गादी ७२, दोन्ही बाजूंची चौकट मिळून साधारण ३, म्हणजे पलंग बाहेरून ७५. उरले ३३. पलंग मधोमध ठेवला तर दोन्हीकडे साडेसोळा, आणि कपाटाचा पल्ला १८ चा असेल तर तो पलंगाला आपटणार. पलंग डाव्या भिंतीकडे सरकवला आणि चादर खोचायला हात जाईल एवढी ३ इंच फट ठेवली, तर कपाटाच्या बाजूला ३० मिळतात. १८ चा पल्ला उघडतो आणि बाजूला उभं राहून कपडे काढता येतात. पल्ला आधी मोजा. २४ चा असेल तर तो पूर्ण उघडूनही जेमतेम ६ इंच उरतात, मग ६० ची गादी घ्या किंवा सरकते पल्ले करा.

लांबीकडे चिंता नाही. गादी ७८, हेडबोर्ड ३, पायथ्याची पट्टी २, एकूण ८३. १२० मधून पायथ्याला ३७ उरतात, दारातून आत यायला पुरेसे. दार आत उघडत असेल तर त्याचा पल्ला ३७ पेक्षा कमी आहे ना, तेवढं बघा.

*सी-३०३:* आणि खोली फरशा मोजून धरू नका. २ फुटी म्हणून घेतलेली फरशी ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे २३.६ इंच. पाच फरशांचे १० फूट होत नाहीत, ११८ इंच होतात. स्कर्टिंगही भिंतीतून बाहेर असतं. टेप स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत लावा. मग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ७५ बाय ८३ चा चौकोन करा आणि दोन दिवस त्याला वळसा घालूनच वावरा. कुठे अडतं ते लगेच कळेल.

*बी-६०२:* भिंतीकडे ढकलला म्हणजे कडेला ओढायचे ड्रॉवर नकोत. वरून उचलायचा हायड्रॉलिक करा.

*ए-१०२:* हायड्रॉलिक असेल तर गादीचं वजन सुताराला आधीच सांगा, त्यावर गॅस पंप ठरतो. पंप कमी ताकदीचा निघाला तर झाकण हातावर आदळतं, जास्तीचा निघाला तर नीट बंद होत नाही. ४० डेन्सिटीचा फोम म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. त्या हिशोबाने ७२ बाय ७८, ६ इंच जाड गादी सुमारे २२ किलो, ८ इंच घेतली तर २९-३०. काथ्याची गादी याहून बरीच जड.

*ए-५०४:* दादा, मग ३६-३६ च्या दोन गाद्या घेतल्या तर? उचलायला सोप्या, लिफ्टमध्येही जातील.

*ए-१०२:* दोघांनाच झोपायचं असतं तर मी हो म्हटलं असतं. एकाला कडक, एकाला मऊ घेता येते, पुढे वेगळ्या सिंगल पलंगांवरही जातात. पण तुमच्याकडे मुलगी मध्ये झोपणार, आणि जोड बरोबर तिच्या पाठीखाली येणार. चौकट कितीही घट्ट असली तरी दोन गाद्या हळूहळू फाकतात. वर पातळ टॉपर टाकला तर जोड झाकतो, जात नाही. एकच घ्या.

लिफ्टचं म्हणाल तर स्प्रिंगची आणि काथ्याची गादी दुमडायची नसते, ती जिन्यानेच येणार. मधल्या वळणावर ७२ ची बाजू उभी धरून फिरवावी लागते, आधी छताची उंची बघून घ्या. गुंडाळून खोक्यात येणारा फोम मात्र लिफ्टमधून सहज येतो. एकदा उघडला की परत गुंडाळता येत नाही, म्हणून खोकं बेडरूममध्येच फोडा. फुगायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्याच तासात टेप लावून 'लहान आली' असा फोन करू नका.

*बी-२०१:* आता सुतारासाठी, हे त्याला जसंच्या तसं दाखवा.

गादी बसते ती आतल्या मापात. त्याने बाहेरून ७२ धरलं तर दोन्हीकडचे प्लाय आणि सनमायका मिळून दीड इंच आत खातात आणि साडेसत्तरच उरतात. आतलं माप ७२ इंच ४ सूत बाय ७८ इंच ४ सूत ठेवायला सांगा, सनमायका लावल्यानंतरचं. एवढी अर्ध्या इंचाची मोकळीक हवीच, नाहीतर गादी मधून पोट काढते आणि कडेला चादर खोचायला बोट जात नाही. पण इंच-दीड इंच सुटलं तर ती रोज सरकणार.

तयार झाल्यावर रुंदी तीन जागी मोजा: डोक्याशी, मध्ये, पायथ्याशी. मग दोन्ही कर्ण. साधारण १०७ इंच यायला हवेत, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे. एक कर्ण अर्धा इंच जास्त असेल तर पलंग काटकोनात नाही, गादी एका कोपऱ्यात चढेल. टेपचं टोक वाकलेलं असतं, म्हणून १० च्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा.

प्लायला इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद प्लायवर फोम ठेवला की खालून बुरशी धरते.

*बी-६०२:* जाडीचं कोणी बोललं नाही. सासूबाई दुपारी पलंगावर बसतात ना? अनवाणी बसून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा. समजा १७ आलं. बसल्यावर गादी इंच-दीड इंच दबते, म्हणून वरची पातळी १८ ते साडेअठरा ठेवायची. गादी ६ ची आणि ती चौकटीत २ इंच बुडत असेल, तर चौकट जमिनीपासून १४ ते साडेचौदा. ८ ची घेतली तर चौकट २ इंच खाली आणा. हायड्रॉलिकच्या पेटीत तेवढी जागा कमी होईल. मी ६ च म्हणेन.

*डी-४०१:* चादरींचं काय? माझ्याकडे ९० बाय १०८ च्याच आहेत.

*बी-६०२:* त्या ७२ च्या गादीला अपुऱ्या, ताई. ७२ अधिक दोन्ही बाजूंची ६-६ इंच जाडी म्हणजे ८४. खोचायला दोन्हीकडे ३-३ च उरतात, सकाळपर्यंत बाहेर. ८ इंच जाडीला तर एकेकच. १०८ बाय १०८ घ्या.

*सी-३०३:* परदेशातून कोणी इलॅस्टिकच्या चादरी आणणार असेल तर तिथलं नाव बघून मागवू नका. अमेरिकेतली किंग ७६ बाय ८०, आपल्या ७२ बाय ७८ वर सैल बसते. इंग्लंडची किंग १५० बाय २०० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास आपली ६० बाय ७८. तिकडची सुपर किंग १८० बाय २००, ती रुंदीला जवळपास ७१ च भरते, ओढून चढवावी लागते. तयार पलंग सेंटिमीटरमधला घेतलात तर हाच घोळ उलटा होतो: १८० च्या चौकटीत ७२ इंचांची, म्हणजे १८३ सेंटिमीटरची गादी शिरतच नाही.

*ए-५०४:* कपाटाचे पल्ले आत्ता मोजले, १७ इंच ४ सूत. दार ३० चं. मग ७२ बाय ७८ बाय ६, एकच गादी, डाव्या भिंतीकडे ३ इंच फट. गादी आजच मागवून टाकू का? म्हणजे दोन्ही एकदम येतील.

*ए-१०२:* नको वहिनी. पलंग तयार होऊ दे, आतलं माप घ्या, मगच ऑर्डर द्या. पलंग चुकला तर खास मापाची गादी करून मिळते, पण ती सहसा परत घेत नाहीत.

*बी-२०१:* सनमायका लागला की मला हाक मारा, कर्ण मोजायला टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच.