४३ इंची टीव्हीला फोर-के कशाला? आधी टेप लावून बघा

दुधनाकाठ (सेलू)
सोयाबीनची पट्टी हातात आली की यंदा टीव्ही घ्यायचा, असं घरात ठरलंय. जुना ३२ इंची एचडी रेडी (फुल एचडीच्या खालचा) आहे, त्याला उजवीकडं उभी रेघ पडलीय. नवा ४३ इंची घ्यायचा. परवा परभणीत तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडं एकच पाढा: "दादा, आता फुल एचडी कोण घेतंय? फोर-के घ्या, चौपट क्लिअर दिसतं."

चौपट हे काही खोटं नाही. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर टिपके (पिक्सेल). फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, त्र्याऐंशी लाखांच्या आसपास. पण ते डोळ्याला दिसायला नको का? घरी येऊन टेप काढला. टीव्हीच्या भिंतीपासून अप्पांच्या बाजेपर्यंत बरोबर दहा फूट. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे फुल एचडीचा एक टिपका अर्ध्या मिलिमीटरचा. आणि ज्याची नजर ६/६ आहे त्यालाही दहा फुटांवरून ०.९ मिलिमीटरपेक्षा बारीक टिपका सुटा दिसत नाही. अप्पांना तर मोतीबिंदू.

अर्ध्या मिलिमीटरचा टिपका साडेपाच फुटांच्या आतूनच सुटा दिसतो, म्हणून माझ्या हिशोबानं ४३ इंचाला त्याच्या पलीकडून बघणाऱ्यानं फोर-केला जादा पैसे मोजू नयेत. चुकत असेल तर सांगा.

मांजराकाठ (लातूर)
हिशोब बरोबर, खरेदी चुकणार. ४३ मधले फुल एचडी बघितलेत का नीट? मी बघितलेले बहुतेक फिक्के होते, रिमोट दाबला की दोन सेकंदांनी जागे होणारे. बरा पडदा, बरी चिप, जादा उजेड हे सगळं कंपन्या फोर-केलाच देतात. तुम्ही टिपक्यांचे पैसे देत नसता, बाकीच्या सामानाचे देता.

आणि रिझोल्यूशनपेक्षा, म्हणजे टिपके किती यापेक्षा, पडद्याचा प्रकार विचारा, व्हीए का आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग खरंच काळा दिसतो, पण बाजूनं बघितलं की चेहरे पांढरे पडतात; आयपीएस बाजूनंही बरा दिसतो. आमच्याकडं मॅचच्या दिवशी माणसं उंबऱ्यापर्यंत बसतात. उंबऱ्यावरल्याला बॉलच दिसंना. तिथं फोर-के असून काय उपयोग झाला?

गोदाकाठ (नांदेड)
दुधनाभाऊंच्या बाजूनं. उलट ते कमीच बोलले.

घरात फ्री डिश आहे का? मग ऐका. त्यावरचे बहुतेक चॅनेल साध्या क्वालिटीचे, ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख टिपके. फोर-के पडद्यावर वीस टिपक्यांतला एक वरून आला, उरलेले एकोणीस टीव्हीनं आपल्या मनानं भरले. माझ्या साडूनं ५५ इंची घेतला. बातम्यांतली खालची पट्टी अशी दिसते की जणू ओल्या भिंतीवर चुन्यानं लिहिलंय. जुन्या ३२ वर तीच पट्टी खणखणीत दिसायची.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)
फ्री डिशवरून २०२५ नंतरचा टीव्ही ठरवणार का? घरोघरी फायबर यायलंय. टीव्ही आठ-दहा वर्षं चालवायचाय.

अंतराच्या गणितात एक गोष्ट राहिली. यूट्यूब फोर-केला डेटा जास्त सोडतं, चित्र कमी दाबतं (कॉम्प्रेस करतं). क्रिकेटचं हिरवं गवत बघा. फुल एचडीत कॅमेरा फिरला की गवताचा शेवाळ होतो, फोर-केत पाती राहतात. हे दहा फुटांवरूनसुद्धा कळतं, कारण तो टिपक्याचा नाही, दाबलेल्या चित्राचा फरक आहे. आणि फुल एचडी टीव्हीवरच्या ॲपमध्ये फोर-केचा पर्याय बहुतेक वेळा येतच नाही.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. वाचलेले पैसे तिकडं घाला.

दुधनाकाठ
गवताचं पटलं, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण आमच्याकडं फायबर नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे. रोजचा दोन जीबी. फोर-केला तासाला सात जीबीच्या आसपास लागतात. म्हणजे सतरा-अठरा मिनिटांत दिवस खल्लास, पाती बघू कधी? नेटफ्लिक्सवर तर फोर-के सगळ्यात महागाच्या प्लॅनमध्येच मिळतं.

तेरणाकाठ (धाराशिव)
मी वाद घालत बसलो नाही, पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. त्यात सातबाऱ्याचा फोटो. शेजारी-शेजारी दोन ४३ इंची, एक फुल एचडी, एक फोर-के. दोन्हीवर लावायला सांगितला. दहा फुटांवरून गट नंबर दोन्हीवर वाचता आला नाही. जवळ जात जात तीन फुटांवर गेलो, तरी अक्षरं दोन्हीकडं सारखीच फुटलेली. दुकानदार म्हणाला, "मामा, टीव्ही घ्यायलाव का जमीन?" फोर-के हे सगळं सोंग आहे, माझं मत झालं.

पैठणगेट
काका, परीक्षाच चुकली. पुष्कळ अँड्रॉइड टीव्हींवर मेनू आणि फोटो फुल एचडीतच चालतात, पूर्ण फोर-के फक्त व्हिडिओला मिळतं. तुम्ही दोन्हीकडं फुल एचडीच बघून आलात. फोर-के व्हिडिओ घेऊन जा, आणि टीव्ही दुकानाच्या भडक मोडवरून काढून साध्या मोडवर लावायला सांगा.

तेरणाकाठ
म्हणजे पैसे फोर-केचे घेऊन फोटो फुल एचडीत दाखवायलेत, आणि चूक माझी?

मुकुंदराज टेकडी (अंबाजोगाई)
सगळे दादालोक बाजेपासून टेप लावायलेत. घरात लेकरं आहेत ना? ती कुठं बसतात? आमची दोघं फरशीवर, टीव्हीला जवळजवळ नाक लावून. रोज ओरडते, मागं सरका, सरकत नाहीत. चार फुटांवरून बघणाऱ्याला ४३ इंचात फोर-केचा फरक तुमच्याच गणितानं दिसतो. अप्पांसाठी घ्यायचा का लेकरांसाठी, ते आधी ठरवा, मग अंतर मोजा.

दुधनाकाठ
ताई, हे मोजलंच नव्हतं. आत्ता टेप घेऊन बघून आलो. धाकटी भिंतीपासून सव्वातीन फुटांवर, थोरला पाचवर. साडेपाचच्या आत दोघंही. माझीच रेघ माझ्यावर उलटली.

अप्पांनी विचारलं, सारखं काय मोजायलास? सगळं समजावून सांगितलं, टिपके, फूट, जीबी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज मोठा येतो का, ते बघ."