मारुती 800 चा एक्सिलेटर उशिरा लागतो, केबल-पेडलमध्ये काही करता येईल का?

सिमरोल_रायडर: नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. घरी बाबांची मारुती 800 आहे, एमपीएफआयवाली (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनची), विकायची नाहीच. पेडल दाबलं की आधी थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम रेस लागते. राजवाड्याच्या गर्दीत चालून जातं पण बडवाहहून परत येताना भेरूघाट चढायला लागलो की पाय पूर्ण खाली असूनही वाटतं अजून काहीतरी शिल्लक आहे. प्लग नि एअर फिल्टर नवीन टाकलेत. मिस्त्री म्हणतात रिटर्न स्प्रिंग हलकी टाकू आणि पेडलचा आर्म वाढवू, गाडी एकदम कडक होईल. करू का?

पाना_काका: स्प्रिंगला हात लावू देऊ नकोस बाळा, बाकी सगळं नंतर. पाय उचलला की रेस बंद करणारी तीच स्प्रिंग आहे, ती हलकी केली आणि केबल जरा जरी अडकली तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडाच राहतो, तोही घाटात.

आता आधी हे बघ. इंजिन बंद, एकाने आत बसून पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीवरची ती केबलची चकती बघायची. पेडल पूर्ण खाली असताना चकती हाताने अजून फिरते का? फिरली तर तुझा थ्रॉटल पूर्ण उघडतच नाहीये, तुला जे शिल्लक वाटतं ते हेच. बऱ्याच गाड्यांत याचं कारण पेडलखालची जाड सेव्हन-डी मॅट असते, ती काढून परत बघ. तरीही फिरत असेल तर ब्रॅकेटवर केबलचे दोन नट आहेत, ते ढिले करून केबल थोडी ओढून घे, पण तिच्यात किंचित ढील राहिलीच पाहिजे, बोटाने दाबली की वाकली पाहिजे, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून घे. इंजिन माउंटिंगवर हलतं ना, केबल तंग असली की ते हलताना आपोआप रेस ओढतं. शिवाय थ्रॉटल पूर्ण मिटला नाही तर सेन्सरला आयडलिंग कळत नाही, आरपीएम वरखाली होतो आणि उतारावर पाय काढल्यावर जे पेट्रोल कट व्हायला हवं तेही होत नाही. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कंपनीतून सेट होऊन येतो, तो फिरवायचा नाही.

धुळीचा_दुश्मन: काकांनी सांगितलं त्यात भर घालतो, केबल दोन्ही टोकांनी सोडून हातात घे आणि आतली तार ओढून बघ, लोण्यासारखी सरकली पाहिजे. खरखरली तर उभी धरून वरून शिवणयंत्राचं पातळ तेल सोड, आत नायलॉनचं अस्तर असेल तर सिलिकॉन स्प्रे मार. ग्रीस नको, आपल्या माळव्याच्या उन्हाळी धुळीत त्याचा चिखल होतो. पेडलकडच्या टोकाला एक जरी तार तुटून बाहेर आलेली दिसली तर पूर्ण केबल बदल, जोडून चालवू नकोस. बसवताना बॅटरीच्या कडेने तीव्र वळण येऊ देऊ नकोस, जितकी सरळ तितकी हलकी. आणि थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल तर क्लीनरने पुसून काढ, सुरुवातीचा अडकल्यासारखा दाब बरेचदा त्यानेच असतो.

सिमरोल_रायडर: मॅट काढून बघतो आजच. पण आर्म वाढवण्याचं काय, त्याने फायदा होतो का?

पाना_काका: पेडल ज्या खिळीवर फिरतं तिच्यापासून केबल जितकी लांब अडकवशील तितकी पेडल थोडंच खाली गेलं तरी जास्त ओढली जाते, म्हणून गाडी चपळ वाटते. ताकद तितकीच राहते रे, थ्रॉटल पूर्ण उघडला की संपलं. उलट पेडल जड होतं आणि गर्दीत गाडी झटके देते, कारण कमी आरपीएमला थ्रॉटल थोडासा उघडला तरी इंजिनला लागणारी बहुतेक हवा आत जाते, म्हणून सुरुवातीची ओढ मुद्दाम हळू ठेवलेली असते. तरी करायचंच असेल तर थोडाच फरक कर आणि पेडलखाली स्टॉपचा बोल्ट बसव, नाहीतर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरही पाय केबलच ओढत राहील आणि ती ताणली जाईल. काम झालं की इंजिन बंद ठेवून पेडल दोन-चारदा दाबून सोड, दर वेळी चकती टक्कन जागेवर आली पाहिजे. आणि घरात जे कोणी गाडी चालवतात त्यांना सांगून ठेव, रेस अडकलीच तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, पंप करायचा नाही कारण थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. मग इंजिन बंद, पण चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

पीथमपूर_शिफ्ट: भिया माझ्या नवीन गाडीत केबलच नाही, त्यात ते थ्रॉटल कंट्रोलर नावाचं डबडं लावू का?

धुळीचा_दुश्मन: ते पेडलचा सिग्नल फक्त वाढवून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, देतं, म्हणजे तीस टक्के दाबलंस तर पन्नास सांगतं, शंभरचं शंभरच राहतं. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ईसीयू दोन्ही ताडून बघतो, जुळले नाहीत की चेक लाइट लागून गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून चालते. गाडी वॉरंटीत असेल तर नको लावूस, स्पोर्ट मोड असेल तर तो वापर, तोही मुख्यतः किती पेडलला किती थ्रॉटल हेच गणित बदलतो.